पहारा आकार

दाराची बेल वाजली म्हणून मी कणकेच्या हातानंच दार उघडलं, तर समोर एक अनोळखी म्हातारा माझ्याच घरची कचऱ्याची पिशवी घेऊन उभा. पांढरा पायजमा, गुडघ्यापर्यंत कुर्ता, वर बिनबाह्यांचा स्वेटर, गळ्यात मफलर आणि कानावर पेन्सिल. पिशवी त्यांनी मेलेल्या उंदरासारखी दोन बोटांत धरली होती. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी विचारलं,

"हा मुद्देमाल आपला?"

तबूकला येऊन आम्हाला जेमतेम चार दिवस झाले होते. खोकी अजून उघडायची होती. सौदीच्या एका टोकाला, चौथ्या मजल्यावर कोणी मराठी बोलेल, तेही असलं पंचनाम्यातलं, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"लिफ्टमध्ये बेवारस सापडला," ते म्हणाले. "आत मेथीच्या काड्या आणि सांगलीच्या भडंगाची रिकामी पिशवी. म्हणजे आरोपी मराठी, आणि बिल्डिंगमध्ये नवीन मराठी बिऱ्हाड एकच. कबूल की नाकबूल?"

"कबूल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"छान. कबुली दिलीत, शिक्षेत सूट. कचऱ्याचा डबा खाली गेटच्या डावीकडे." एवढं बोलून मुद्देमाल माझ्या कणकेच्या हातात देऊन ते निघून गेले. मी आत येऊन नवऱ्याला सांगितलं, "अहो, या बिल्डिंगमध्ये एक वेडा राहतो." विजय खोक्यातून मान वर न काढता म्हणाला, "फक्त एकच?"

ते अब्दुलगनी परकार. सगळे त्यांना चाचा म्हणत. रत्नागिरीकडच्या एका तालुका कोर्टात त्यांची सदतीस वर्षं गेली, त्यातली शेवटची बारा नाझर म्हणून. नाझर म्हणजे कोर्टाचा खजिनदार, भांडारी आणि अर्धा घरमालक. दंड तो घेणार, जप्त केलेला माल तो सांभाळणार आणि साहेबांच्या डोक्यावरचा पंखा बंद पडला तरी हाक त्यालाच. चाची वारल्यावर मुलगा मुश्ताक त्यांना इथं घेऊन आला. तो शहराबाहेरच्या मोठ्या शेतीवर पाण्याच्या यंत्रांचा इंजिनियर, सून नसीम इंडियन स्कूलमध्ये टीचर. चाचा मात्र व्हिजिट व्हिसावर. दर तीन महिन्यांनी देश सोडावा लागतो म्हणून मुश्ताक त्यांना गाडीत घालून जॉर्डनच्या हद्दीपलीकडे न्यायचा आणि शिक्का मारून परत आणायचा. चाचा सगळ्यांना सांगत, "मला तीन महिन्यांनी तडीपार करतात आणि दोन तासांत माफी देतात. असं सरकार मी बघितलं नाही."

मला ते सिस्टर म्हणत. मी सिस्टर नाही, एक्स-रे टेक्निशियन आहे, हे मी त्यांना किमान वीस वेळा सांगितलं. "हॉस्पिटलात काम करता ना? मग सिस्टर," विषय संपला. एकदा खोकला म्हणून ते आमच्या हॉस्पिटलात आले. छातीचा फोटो काढायचा होता. मी काचेमागून ओरडले, "चाचा, श्वास रोखा!" त्यांनी मान वळवून शांतपणे विचारलं, "कोणत्या कलमाखाली?" फोटो हलला. परत काढावा लागला.

घरात ते कोकणी बोलत, पण रागावले किंवा खूश झाले की तोंडातून कोर्टच बाहेर पडे. नसीमच्या सालनाला मीठ जास्त झालं की "हे अपिलाला पात्र आहे." दुसऱ्या दिवशीही जास्त झालं की "खालच्या कोर्टाचा निकाल कायम." मुश्ताकनं "बघू हां अब्बा" म्हटलं रे म्हटलं की लगेच "बघू नाही, तारीख द्या." दोन्ही नातवांशी त्यांचं संभाषण फार थोडं. आजोबा कोकणीत विचारणार, नातू इंग्रजीत उत्तर देणार आणि मग दोन्ही पक्ष माना डोलावून आपापल्या खोलीत जाणार.

पण चाचांच्या डोक्यात कायम मुक्कामाला असलेला विषय एकच, तो म्हणजे पहारा आकार.

विजेच्या बिलात स्थिर आकार असतो ना, तसाच हा. झालं होतं काय, त्यांच्या कोर्टाच्या दाराशी पहारेकरी नव्हता. कागदावर एक हवालदार होता, पण तो कायम दुसऱ्याच कामाला. दाराशी गुडघेदुखीचा पट्टेवाला स्टूल टाकून बसे आणि तो जेवायला गेला की कोर्ट सताड उघडं. अशाच एका दुपारी बांधाच्या दाव्यात हरलेला एक इसम कोयता घेऊन आत शिरला. पहिलं टेबल चाचांचं. दाव्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही, पण कोयत्याला काय कळतंय? चाचा पळाले ते थेट मुद्देमालाच्या खोलीत, आतून कडी लावून जप्त हातभट्टीच्या कॅनच्या मागे दडून बसले. "तीन तास, सिस्टर! बाहेर आलो तर साहेबांनी पहिला प्रश्न काय विचारावा? नाझर, तुम्ही प्यायलात?"

त्याच आठवड्यात चाचांनी वर अर्ज पाठवला. ज्याला ज्याला शिक्षा होईल, त्याच्याकडून दंडाच्या जोडीला थोडा पहारा आकार घ्यावा आणि त्यातून कोर्टाच्या दाराशी पहारेकरी नेमावा. ज्यांच्यामुळे पहारा लागतो त्यांनीच तो पोसावा, निर्दोष माणसाच्या खिशाला हात कशाला? वरून उत्तर आलं, "विचाराधीन." मग चाचा दर एप्रिलला नव्यानं अर्ज करत राहिले आणि दर पावसाळ्यात तेच उत्तर येत राहिलं. रिटायर झाले तरी त्यांचं म्हणणं, "अर्ज मेला नाही, सिस्टर. झोपलाय."

मी एकदा विचारलं, "पण चाचा, एखाद्या वर्षी गुन्हेच झाले नाहीत, तर त्या पहारेकऱ्यानं खायचं काय?"

त्यांनी माझ्याकडे फार दयेनं बघितलं. "तुम्ही घाटावरच्या. आमच्या कोकणात जोवर बांध आहेत तोवर आरोपी आहेत. काळजी करू नका."

असा हा माणूस. त्याला स्वतःचा सिद्धांत करून बघायची संधी परमुलखात मिळावी, हा नशिबाचाच खेळ म्हणायचा.

आमच्या बिल्डिंगच्या गेटवर नूरुलभाई असत. वॉचमनला इथं हारिस म्हणतात, आणि हारिस नुसता राखण करत नाही. झाडलोट, पाण्याच्या टाक्या, गॅसच्या टाक्या वर चढवणं, सगळं त्याच्याकडेच. नूरुलभाई बांगलादेशचे, साठीला टेकलेले, आवाज असा की आशीर्वाद देतायत का तक्रार करतायत कळू नये. बिल्डिंगचा मालक अबू नासर हाच त्यांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो जामीनदार. एका सकाळी तो जिन्यात कॅमेरे लावायला माणसं घेऊन आला आणि जाता जाता सांगून गेला, वर्षअखेरीला हारिसची गरज नाही, त्याला एक्झिट देतो. एक्झिट म्हणजे कायमचं परत पाठवणं.

नूरुलभाई गेटजवळच्या खुर्चीत बसून राहिले. मी ड्युटीवर निघाले होते. मी म्हटलं, "भाई, घर जाओगे, अच्छा है ना? बीवी-बच्चे..."

"घर किधर, सिस्टर?" ते म्हणाले. "घर नदी में गया. बीवी अपने भाई के घर में, एक कमरे में है. उधर मेरे लिए खाट डालने का जगह नहीं. हम जाएगा तो किधर जाएगा?"

बस चुकेल म्हणून मी तशीच पळाले आणि दिवसभर स्वतःला शिव्या घालत लोकांच्या हाडांचे फोटो काढत राहिले.

चाचांनी मात्र थेट मालकाला गाठलं. मालकाला अरबीशिवाय काही येत नाही, चाचांना अरबी येत नाही. पण गंमत बघा, आपली कोर्टाची मराठी अर्धी तिकडूनच तर आलेली. चाचा छाती काढून उभे राहिले आणि एकेक शब्द मोजून टाकू लागले. "मी नाझर." मालक सावरून उभा राहिला. तिकडे नाझर म्हणजे देखरेख करणारा मोठा माणूस. "मालक, हारिस गरीब. अर्ज. मुदत. मुदत!" मालकाच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पडला. "मुद्दा?" "मुद्दा नव्हे, मुदत!" चाचांनी दुरुस्ती केली; अरबीत मुदतीलाच मुद्दा म्हणतात हे त्यांना कुठं ठाऊक! मग मालक हसायला लागला. मुश्ताकनं धावत येऊन दुभाष्याचं काम केलं तेव्हा ठरलं ते असं. हारिसचा अर्धा पगार दर महिन्याला भाडेकरूंनी त्याच्या हातात ठेवायचा, उरलेला अर्धा मालक देईल. एक महिना जरी चुकला तरी खलास, नूरुलभाई विमानात.

शुक्रवारी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर गच्चीवर सगळे भाडेकरू जमले. लगेच कुरकुर सुरू. भाडं आधीच वाढलंय, शाळेच्या फिया वाढल्यात. तिसऱ्या मजल्यावरचा थॉमस, केरळचा अकाउंटंट, म्हणाला, "कॅमेरा है ना? वॉचमन का क्या जरूरत?" पाकिस्तानी इलेक्ट्रिशियन वलीभाई म्हणाला, "मैं सुबह जाता हूँ, रात को आता हूँ, मेरे घर में है क्या जो कोई ले जाएगा?"

तेव्हा चाचा उठले. कानावरची पेन्सिल हातात घेतली. इतकी वर्षं झोपलेला अर्ज त्या संध्याकाळी उठून बसला. "शरीफ आदमी एक रियाल नहीं देगा," ते म्हणाले. "जो गुनाह करेगा, वही चौकीदार को पालेगा." चुकीच्या जागी गाडी लावणं, लिफ्टमध्ये कचरा, दुपारी मुलांचा फुटबॉल, टाकी वाहू देणं, जिन्यात चपलांचा बाजार. दर शुक्रवारी गच्चीवर कोर्ट बसेल. ज्याचा दोष सिद्ध होईल त्यानं स्वतः खाली जाऊन पहारा आकार नूरुलच्या हातात ठेवायचा आणि माफी मागायची. पेटी नाही, वर्गणी नाही. परदेशी माणसानं चार जणांकडून पैसे गोळा केले तर इथं भलतंच लचांड मागे लागतं, हे नाझराला बरोबर कळत होतं.

प्रत्येकाला वाटलं, आपण तर शरीफच आहोत. ठराव एकमतानं पास.

"आणि जज्ज?" मी विचारलं. "तुम्हीच ना?"

चाचांनी कानाला हात लावला. "तौबा! मी नाझर. निकाल देणं माझं काम नव्हे. सिस्टर, तुम्ही रोज माणसांच्या आरपार बघता. तुम्ही बसा."

झालं! मी, पलूसच्या शाळेत नागरिकशास्त्रात काठावर पास झालेली बाई, तबूकमध्ये न्यायाधीश झाले. विजय आठवडाभर मला चहा देताना "मिलॉर्ड" म्हणत होता. त्याला त्याची फळं मिळाली. पहिल्याच शुक्रवारी पहिला आरोपी तोच निघाला. मोटार बंद करायला विसरला आणि टाकीचं पाणी दोन तास वाहत होतं. चाचांनी गच्चीच्या दारात जाऊन पुकारा केला, "विजय पाटील, हाजिर हो!" विजय माझ्या शेजारीच बसला होता. मी दोषी ठरवलं. घरी आल्यावर तो म्हणाला, "बायकोच्या कोर्टात न्याय मिळणार नाही हे माहीतच होतं." मी म्हटलं, "अपील कर." तो म्हणाला, "कुठे?" तो प्रश्न बरोबर होता.

पहिले दोन महिने कोर्ट जोरात चाललं. थॉमसची गाडी सलग तीन वेळा वलीभाईच्या जागेत. वलीभाईनं चिडून तिच्यामागे स्वतःची गाडी लावली, म्हणजे दोघंही दोषी. एका घरातून भर दुपारी मिक्सर, एका घरातून वरच्या मजल्यावरून चादर झटकणं. लोक हसत येत, तावातावानं भांडत आणि माफी मागायला खाली जात. आमची लेक सई तर "मम्मा, आज कोणाची केस?" एवढं मराठीत विचारायला लागली, जे तिनं आजीशी फोनवरसुद्धा कधी केलं नव्हतं. चाचा एका वहीत रोजनामा लिहीत. कडक इस्त्रीचा कुर्ता, ताठ मान. मुश्ताक मला म्हणाला, "आम्मी गेल्यानंतर अब्बांना असं पहिल्यांदा बघतोय."

आणि मग नूरुलभाईंनीच कोर्ट बुडवायला घेतलं.

साधी गोष्ट होती, आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आली नव्हती. ज्याचा पगार गुन्ह्यांवर, तो माणूसच गुन्हा होऊ देईना. पहाटे उठून लिफ्टमधल्या पिशव्या स्वतःच उचलायचे. कोणी चुकीच्या जागी गाडी लावायला लागलं की धावत जाऊन "भाईजान, थोड़ा उधर." टाकी भरली की स्वतः वर चढून मोटार बंद. मुलांचा फुटबॉल दुपारी आपल्या खोलीत ठेवून घ्यायचे आणि बदल्यात प्रत्येकाला एक खजूर द्यायचे.

"नूरुल!" चाचा त्यांच्यावर खेकसले. मी तिथंच होते. "तुझं काम बघायचं आणि सांगायचं. तू उचलतोस कशाला? तू स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोयस!"

नूरुलभाई मान खाली घालून म्हणाले, "चाचा, हम देखेगा तो उठाएगा ना. गंदा देखके बैठने का हमको नहीं आता."

त्यात लोकही सुधारले. लाज म्हणा, धाक म्हणा. चौथ्या महिन्यात दोन शुक्रवार एकही खटला नाही. चाचा दारात उभे राहून रिकाम्या जिन्याकडे बघत होते. महिना संपायला दहा दिवस आणि नूरुलभाईंच्या हातात आमच्या वाट्याचे निम्मे पैसेसुद्धा आले नव्हते. मी म्हटलं, "चाचा, सरळ सगळ्यांकडून मागू या."

"नाही," ते ताडकन म्हणाले. "निर्दोष माणसाकडून घेतले तर माझ्या अर्जाला अर्थ काय राहिला?" असे हट्टी की मला हात जोडावेसे वाटले.

पुढच्या आठवड्यात अचानक गुन्ह्यांची लाटच आली. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात खजुराच्या बिया. लिफ्टच्या दारात एक चप्पल. तळमजल्याच्या कठड्यावर अर्धा कप चहा, बशीसकट. कॅमेऱ्यातलं फक्त मालकाच्या फोनवर दिसे, त्यामुळे आरोपी कोणी सापडेना, पण नूरुलभाईंच्या चहाच्या पेल्याखाली रोज काहीतरी दुमडून ठेवलेलं असे. शुक्रवारी चाचांनी वही उघडून घोषणा केली, "आरोपी अज्ञात. गुन्हा कबूल. आकार जमा. खटला निकाली."

"आरोपी हजर नसताना निकाली कसा?" मी विचारलं.

"ते तुम्ही माझ्यावर सोडा," चाचा वहीत बघत म्हणाले.

आता मला हाडातली भेग शोधायची सवय. त्यात मी जज्ज, आणि माझ्या कोर्टात कोणीतरी मला बनवतंय! गुन्हेही विचित्र होते. त्या बियांवरून कोणी घसरणार नाही, त्या चपलेला कोणी अडखळणार नाही. आमच्या हॉस्पिटलची ड्युटी तुटक, सकाळी नऊ ते एक आणि परत पाच ते नऊ. दुपारी मी घरी येते तेव्हा सगळी बिल्डिंग झोपलेली असते. त्या मंगळवारी मी लिफ्ट सोडली आणि चपला हातात घेऊन जिन्यानं चढले.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चाचा उकिडवे बसले होते. शेजारी कागदाची पुडी. त्यातून खजुराची एकेक बी काढून ते जिन्यावर ठेवत होते, अगदी भिंतीला लागून, पायाखाली येणार नाही अशी. एक बी घरंगळून मध्ये आली तर त्यांनी ती बोटानं परत कडेला सरकवली.

"कबूल की नाकबूल?" मी मागून म्हटलं.

ते दचकले, पण उठले नाहीत. गुडघे दुखत असावेत. "सिस्टर, हे रेकॉर्डवर घेऊ नका."

"चाचा, तुम्ही? सगळं तुम्ही? आणि पैसे?"

"मुश्ताक खर्चाला देतो ते. मला खर्च काय आहे? साधी सुपारी मिळत नाही इथं."

मी त्यांच्या वरच्या पायरीवर बसले. राग आला होता, पण तो कुठे ठेवावा ते कळेना. ते बिया गोळा करत सावकाश बोलत राहिले. "सकाळी आठला घर रिकामं होतं. नातू आले की टॅबवर. मुश्ताक चांगला आहे, सून चांगली आहे, कोणाविरुद्ध तक्रार नाही. पण दिवसभरात 'चाचा, खाया?' म्हणून विचारणारा या बिल्डिंगमध्ये एकच माणूस आहे. त्याची भाषा मला निम्मी कळते, माझी त्याला निम्मी. तेवढ्यावर सहा-सहा तास निघतात, सिस्टर." मग एक बी पुडीत टाकून, "माझा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतो. आता आणखी वाढत नाही. मी गेल्यावर गुन्हे कोण करणार? या लोकांत एकात दम नाही."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"तुम्ही कराल?" त्यांनी हळूच विचारलं.

"चाचा, मी जज्ज आहे!"

"म्हणूनच. संशय येणार नाही."

त्या शुक्रवारी मी कोर्ट भरवलं आणि सुरुवातीलाच सांगितलं, अज्ञात आरोपी समोर आल्याशिवाय मी पुढचं कामकाज करणार नाही. नाव मी घेतलं नाही. थॉमस वलीभाईकडे बघतोय, वलीभाई थॉमसकडे. चाचा वहीवर पेन्सिल धरून बसले होते. मग त्यांनी वही मिटली. उठले, गच्चीच्या दारात गेले आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात पुकारा केला,

"अब्दुलगनी परकार, हाजिर हो!"

तीनदा पुकारा केला. नियम म्हणजे नियम. मग तिथून स्वतःच चालत माझ्यासमोर आले आणि हात बांधून उभे राहिले. पहिल्यांदा लोक हसले. मुश्ताक हसला नाही. त्याच्या लक्षात आलं होतं. एकेकाच्या लक्षात येत गेलं तसं हसणं विरत गेलं. नूरुलभाई मागे तेलाच्या डब्यावर बसले होते, त्यांनी खांद्यावरचा रुमाल डोळ्यांना लावला.

मी निकाल दिला. मी हिंदीत म्हटलं, "चाचा गुनहगार हैं. और चाचा का अर्जी भी गलत है. पहरा सबके लिए है, तो पैसा सब देंगे. हर घर, हर महीना, बराबर. अच्छा आदमी, बुरा आदमी, सब. ये कोर्ट आज से बंद."

मला वाटलं थॉमस भांडेल. तो चष्मा पुसत म्हणाला, "मेरा आज ही ले लो." वलीभाई म्हणाला, "ओ यार, हमें पहले बता देते, चाचा को सीढ़ियों में क्यों बिठाया?" आणि तो खरंच रागावला होता, आमच्या सगळ्यांवर.

चाचांनी वही पुन्हा उघडली. त्यांनी वहीत लिहिलं, "अर्ज नामंजूर." खाली सही केली. उभ्या आयुष्यात त्यांच्या अर्जावर लागलेला तो पहिला निकाल.

त्यांच्या जाण्याच्या दिवशी मी दुपारी एकला सुटून घरी आले. त्यांचं विमान संध्याकाळचं. गेटवर नूरुलभाईंच्या खुर्चीत चाचा बसले होते. इस्त्रीचा कुर्ता, पायाशी बॅग. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आतल्या खोलीत खाटेवर नूरुलभाई गाढ झोपले होते. दोन दिवस ताप होता, तरी उठून झाडत होते.

"मीच झोपवला," चाचा कुजबुजले. "म्हटलं, आज मी बसतो."

"वर जाऊन जरा पडा की. प्रवास आहे."

त्यांनी मान हलवली. एक गाडी आत आली, त्यांनी हातानं तिला जागा दाखवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचा निकाल बरोबर होता, सिस्टर. मी एवढी वर्षं लिहीत राहिलो, पहारेकरी पाहिजे, पहारेकरी पाहिजे. कोयतेवाला तर एकदाच आला होता. मला वाटतं मला भीती नव्हतीच कसली. दाराशी कोणीतरी असावं, एवढंच होतं."

"गावी कोण आहे?"

"घर आहे. मोठं आहे. दार उघडलं की समोर खाडी दिसते." ते थोडे हसले. "कोणी नाही."

मी पर्स मांडीवर घेतली आणि त्यांच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसले. पाचच्या ड्युटीला अजून वेळ होता.